दोनच्या रेघेवर

—अहो दादा, थांबा थांबा, एवढ्यात बंद नका करू! आधी ऑक्सिजनचा सिलिंडर चालू करते, आतली नळी त्याला जोडते, मग उघडा तुमचं मशीन काय उघडायचं ते. तुमच्याआधी जे यायचे ना, ते धाडकन प्लगच उपटायचे, म्हणायचे पाच मिनिटांचं काम आहे काकू, आणि मग अर्धा तास सोफ्याखाली स्क्रू शोधत बसायचे — हं, लागली नळी. सिलिंडरही दोनवरच बरं का, दोनच्या वर नाही. — अहो, ऐकलंत का! मशीनवाले आलेत, फिल्टर बदलायला! आवाज थांबेल, घाबरू नका! — ओरडून सांगावं लागतं. ही घरघर थांबली की त्यांचा जीव घाबरा होतो आणि घरघर चालू असली की माझा. मशीन मुद्दाम बाहेरच्या खोलीत ठेवलंय, आत फार आवाज होतो आणि गरमही होतं, म्हणून ही लांब नळी भिंतीच्या कडेने नेलीय, येता-जाता पायात येते, मी दोनदा आपटलेय. बसा ना. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय लुळा आहे, स्टुलावर बसा. चहा घ्याल? नाही? बरं.

फिल्टर काढलात? अगंबाई, केवढी धूळ! आणि मी रोज पुसते बरं का. ते असू दे — मला दुसरंच विचारायचं होतं, म्हणून तर ऑफिसात फोन करून करून तुम्हाला तारखेच्या आधी बोलावलं. ह्या नॉबला कुलूप मिळतं का हो? हसू नका. मला कळतं, कपाटाला कुलूप असतं, गेटाला असतं, नॉबला कुठे असतं. पण बघा ना — ही काचेची नळी, त्यात ही काळी गोळी तरंगते, नॉब असा फिरवला की गोळी वर, ऑक्सिजन जास्त. तसा फिरवला की खाली. एका बोटाने फिरतो. पोरसोरही फिरवेल. आणि दोनच्या आकड्यावर ही लाल रेघ दिसतेय ना, ती नेलपॉलिशची — माझं नाही हो, ह्या वयात मला कुठलं नेलपॉलिश, सुनेचं राहिलं होतं कपाटात. ह्यांनीच मारायला लावली. गोळीचं पोट रेघेवर टेकलं पाहिजे म्हणाले, वरची कड नाही, खालची नाही, पोट! जशी काही मी त्यांच्या हाताखाली नोकरीला लागलेय. — असतं? खरंच? टोपीसारखं वरून बसतं आणि किल्लीने आवळायचं? बघा, वाटलंच होतं मला, जगात सगळं मिळतं. मग आणलंय का बॅगेत? शोधा ना, सावकाश शोधा, मला काही घाई नाही.

कोणापासून म्हणजे? वन्संपासून. माझी नणंद हो, ह्यांची थोरली बहीण. वाईट नाही, भावावर नुसता जीव टाकते, पण तिची माया म्हणजे पायरीवर ओतलेलं तेल — कोण कधी घसरेल नेम नाही. त्या दिवशी आल्या, इथे, तुम्ही बसलाय तिथेच उभ्या राहिल्या कमरेवर हात ठेवून. आतून ह्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. तो असतोच, शिट्टीसारखा, मला आता तो नसला की चुकल्यासारखं होतं. तर म्हणाल्या, अगं माझा भाऊ तिकडे तडफडतोय आणि तू मशीन एवढुसं ठेवतेस? विजेचं बिल वाचवतेस का? — मला! मला म्हणाल्या हे! मी भाजी बघायला आत गेले, आणि तेवढ्यात त्यांनी नॉब फिरवला, गोळी पार पाचावर. आणि खरं सांगू का दादा, जादू झाली. श्वास संथ झाला. शिट्टी बंद. गाल गुलाबी. हात गरम — केवढ्या दिवसांनी मी त्यांचे हात गरम बघितले! वन्सं म्हणाल्या, बघ. मीही म्हटलं, बघा. आम्ही नणंद-भावजय उभ्या आयुष्यात पहिल्यांदा एकमेकींशी गोड बोललो त्या दुपारी. हे झोपले, छान झोपले, वन्सं आपल्या घरी गेल्या. संध्याकाळी मी दूध घेऊन उठवायला गेले तर उठेनात. हलवलं, थापटलं, तोंडावर पाणी मारलं — डोळे किलकिले करायचे, काहीतरी पुटपुटायचे आणि परत आत बुडायचे. गाल मात्र गुलाबीच. मरणाच्या दारातला माणूस इतका छान दिसावा का हो? वन्सं तेव्हापासून उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. फोनवर रडतात. अति तिथे माती, पण त्या बिचारीला कुठे माहीत होतं. मला तरी कुठे होतं.

हॉस्पिटलात मनगटातून रक्त घेतलं. साधं नाही, नाडी बघतात तिथे खोल सुई घालून आतल्या धमनीतलं घेतात, शुद्धीतला माणूस ओरडतो. हे ओरडले नाहीत, तेव्हाच मी समजले काय ते. मग तो आकडा आला, पीएच म्हणतात तो, जितका खाली तितकं आंबट — सातच्या जरा वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्त आंबट झालंय. आंबट! मी खुळ्यासारखी विचारते काय, लिंबू बंद करू का जेवणातलं? त्या हसल्या नाहीत, चांगल्या आहेत बिचाऱ्या. म्हणाल्या, लिंबाने नाही होत आजी, श्वासाने होतं. आणि मग मला आठवलं — अहो, हे तर मला माहीत होतं! हे मला माझ्या नवऱ्याने लग्नानंतर पहिल्याच महिन्यात दाखवलं होतं, आमच्या ओट्यावर!

हे केमिस्ट होते ना. औषधाच्या दुकानातले नाही — पाण्याच्या प्लांटवरचे. शहराचं पाणी येतं, गढूळ, त्यात तुरटी सोडून गाळ बसवतात, पण तुरटीने पाणी आंबटाकडे झुकतं, मग चुना सोडून त्याला परत जाग्यावर आणायचं. आंबट राहिलं तर पाणी पाइप खातं. चुना जास्त झाला तर नळांना पांढरे थर, साबणाला फेस नाही. आयुष्यभर हा माणूस त्या दोघांच्या मधे उभा राहिला, इकडे आम्ल, तिकडे अल्कली — सासू-सुनेच्या मधे उभा राहतो तसा, आणि घरी मात्र ते कधी जमलं नाही, पण तो विषय वेगळा. तर लग्न नवं होतं, मला करमत नव्हतं, ह्यांना बोलायला सुचत नव्हतं. एक दिवस प्लांटवरून छोटी बाटली घेऊन आले. काचेच्या पेल्यात पाणी घेतलं, बाटलीतले थेंब टाकले, पाणी निळं झालं. मग त्यात नळी घातली, सरबत पितात ना तसली, आणि फुंकायला लागले. नुसते फुंकतायत, बुडबुडे येतायत आणि पाणी निळ्याचं हिरवं, हिरव्याचं पिवळं! म्हणाले, बघ, मी आत काही टाकलं नाही, नुसता श्वास सोडला. आपण बाहेर टाकतो तो वायू पाण्यात मिसळला की आम्ल होतं. मिनिटामिनिटाला आपण आंबट होत असतो आणि मिनिटामिनिटाला ते फुंकून टाकत असतो. मला वाटलं, काय बाई नवरा मिळालाय, दुसरे गजरा आणतात, हा रंगीत पाणी आणतो. पण मी आवडीने बघितलं, खोटं कशाला बोलू. मीपण फुंकलं. लिपस्टिक लागली नळीला.

ती बाटली अजून आहे. मागच्या आठवड्यात म्हणाले, काढ. काढली. पेल्यात थेंब टाकले, निळं झालं, तोंडाशी नळी धरली — दादा, दोन फुंकरी मारल्या आणि तिसरीला खोकला. पाणी निळंच. जरासं हिरवट झालं असेल, मी म्हटलं झालं हो हिरवं, झालं, पण मला काय, डोळ्यांना दिसतं ते दिसतं. ते पेल्याकडे बघत बसले. म्हणाले, बाहेर येतच नाही बघ, सगळं आतच राहतंय. सिगारेटी तर होत्याच, त्यात तीस-पस्तीस वर्षं चुन्याची धूळ, नाकाला रुमाल बांधा म्हटलं तर म्हणायचे रुमाल बांधून पाण्याचा वास कसा येणार? फुप्फुसांच्या चिंध्या झाल्यात. ह्यांच्या भाषेत सांगायचं तर आता सगळं मूत्रपिंडांवर आहे, ती बिचारी सोडा राखून ठेवतात, आंबटपणा मोडून काढतात, हळूहळू, आपल्या गतीने. थोरल्याने उधळायचं आणि धाकट्याने निस्तरायचं, तसं. म्हणतात, शहराच्या पाण्याला साडेसहापासून साडेआठपर्यंत मोकळीक असते, एवढ्यात कुठेही असलं तरी लोक पितात, कोणी मरत नाही. माणसाच्या रक्ताला तेवढी मोकळीक नाही. सात पॉइंट चारच्या आजूबाजूला केसभर. केसभर इकडे, केसभर तिकडे, आणि त्या केसावर आपण लग्नं करतो, भांडतो, घरं बांधतो. हे त्यांचंच वाक्य हं, मला कुठलं सुचायला. हॉस्पिटलात तोंडावरचा मास्क काढल्यावर पहिलं हेच बोलले. मी म्हटलं, माझं नाव घ्या आधी, तर म्हणाले, आकडा किती आला?

सापडली का टोपी? नाही? दुसऱ्या कप्प्यात बघा.

तर डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला बाजूला घेतलं. म्हणाल्या, आजी, ह्यांच्या शरीराला आता कमतरतेचीच सवय झालीय. थोडी घुसमट असते म्हणून तर श्वास घेतात. भरपूर ऑक्सिजन दिलात की शरीर म्हणतं, मिळालं, पुरे, कशाला एवढे कष्ट. श्वास मंदावतो, आतला वायू साठतो, रक्त आंबट होतं आणि माणूस झोपतो. म्हणून दोन. बोटाला लावायच्या त्या यंत्राने नव्वदच्या आसपास दाखवलं की बस्स, शंभर बघायचा हट्ट नको. म्हणजे बघा, मी काय करायचं? तर ह्यांना घुसमटू द्यायचं. पण थोडंच. पूर्ण नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, त्यातली गत. आणि ते कोणी करायचं? मीच. मुलगा लांब आहे, मोबाईलवर दिसतो, पपा फ्रेश वाटतायत म्हणतो. एक बाई ठेवली होती, ती म्हणाली मला हा आवाज सहन होत नाही, गेली. तिला जाता आलं.

सकाळी आमचा एक कार्यक्रम असतो. ह्यांनी दोन्ही हात समोर धरायचे, पंजे वर करून, ट्रॅफिक पोलीस गाडी अडवतो ना, तसे. आणि मी बघायचं. पंजे स्थिर राहिले तर ठीक. पंखासारखे फडफडले तर समजायचं आत आंबट वाढलंय, डॉक्टरांना फोन. डॉक्टरीणबाईंनी शिकवलं आणि ह्यांना इतकं आवडलं! साधी, विनाखर्चाची तपासणी, म्हणाले. रोज करतात. दात घासायच्या आधी. कधी कधी मला अडवल्यासारखं वाटतं, मी चहा घेऊन येत असते आणि हे समोर हात धरून बसलेले, थांब, पुढे येऊ नकोस. आणि दिवसभर पेला. उशाशी स्टीलचा पेला आणि चमचा ठेवलाय, हाक मारायला दम नाही ना. एकदा वाजवला की पाणी. दोनदा वाजवला की ये. तीनदा वाजवला की गोळी वर कर. तो तिसरा वाजला ना की हातातलं तिथेच टाकते. दिवसातून किती वेळा वाजतो विचारू नका. मी जाते, पाठीवरून हात फिरवते, म्हणते, नाही हो, दोनच सांगितलंय. ते माझ्याकडे बघतात. केमिस्ट आहेत, सगळं माहीत आहे, रेघ त्यांनीच मारायला लावलीय, तरी वाजवतात. छातीत हवा नसली की माणसाला शिकलेलं कुठे आठवतं.

म्हणून कुलूप. वन्सं आज ना उद्या येणारच ना, सख्खी बहीण आहे. आणि परवा दुपारी तर गोळी चारावर होती! चार! बघा म्हणजे, जीव टांगणीला की नाही — काय? कोणी केली म्हणजे? वन्सं नाहीतर दुसरं कोण—

हं. बरोबर आहे तुमचं. मीच म्हटलं मघाशी. त्या त्यानंतर आल्याच नाहीत.

धूळ झटका ना तुम्ही. थांबलात का? मी काय चोर आहे का, असं बघताय? सांगते. ऐकलंच आहे एवढं तर ऐका. परवा अंघोळ घातली. अंघोळ म्हणजे युद्ध असतं, स्टूल, बादली, नळी ओली होऊ द्यायची नाही, टॉवेल, ह्यांना उभं करायचं, माझा गुडघा. परत पलंगावर आणलं तेव्हा ओठ निळे होते, डोळे असे बाहेर. तीनदा वाजवला. मग परत तीनदा. मग मोजायचं राहिलंच, नुसताच वाजत होता, वाजत होता. मी इथे आले. म्हटलं, बस्स, शांत होईपर्यंत, दोन मिनिटं. गोळी चारावर केली. आणि शांत झाले ते. लगेच. शिट्टी बंद झाली. मी दारातून बघितलं, गाल गुलाबी झाले होते. तेव्हा परत खाली करायची होती गोळी. मी काय केलं सांगू? चहा केला. आणि तो गरम प्यायले. तुम्ही म्हणाल त्यात काय — अहो, मी गरम चहा कधी प्यायले होते मला आठवत नाही, दर वेळी पेला वाजतो, दर वेळी साय धरते, दर वेळी एका घोटात थंड गिळायचा. त्या दिवशी घोट घोट प्यायले. पेपर वाचला. शब्दकोडंसुद्धा. मग ह्या सोफ्यावर पाय वर घेऊन झोपले. जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन त्या भिंतीवरून ह्या भिंतीवर आलं होतं आणि घरात काही वाजत नव्हतं. मला कळत होतं दादा. गोळी इथून दिसते, झोपल्या जागेवरून दिसते. चारावर. मला आधी गाल आठवले, मग ते संध्याकाळचं दूध, सगळं आठवलं. आणि मी उठले, आणि आधी कप विसळला. तो कप मी आत नेला, बशी नेली, विसळली, पालथी घातली, हात पुसले. मग येऊन गोळी खाली केली.

विसरले असते तर बरं झालं असतं हो. विसरलेल्या माणसाला लोक माफ करतात. मी विसरले नव्हते.

उठले ते, उठले, बराच वेळ हाका मारल्यावर उठले. डोकं दुखतंय म्हणाले. मी म्हटलं, अंघोळीने दमलात. आणि काल सकाळी हात समोर धरले — आणि पंजे फडफडले. थोडेच. पण फडफडले. मी बघितलं, त्यांनी बघितलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं पाण्याकडे बघून तुरटी किती पडली ते ओळखणारा माणूस तो, त्याला काय कळायचं राहिलंय? मला वाटलं आता विचारतील. गोळी कितीवर होती, एवढंच विचारतील. तर हात खाली घेतले, मांडीवर ठेवले आणि म्हणाले, चहा आण. बस्स. मी आणला. तो त्यांनी प्यायला.

ते हवेत मला. हे तुम्हाला कसं सांगू! ते नसले तर मी त्या खोलीत पाऊलही टाकू शकणार नाही. आणि हे संपायलाही हवंय. दोन्ही खरं आहे, दोन्ही एकाच वेळी, एकाच हातात, आणि त्या हाताखाली हा तुमचा एका बोटाने फिरणारा नॉब. मला माझ्या हाताची भीती वाटते. म्हणून कुलूप पाहिजे. वन्संचं नाव उगाच घेतलं मी, ती बिचारी तिकडे रडतेय.

मिळाली? ही? एवढीशी? आण — द्या ना बघू. आणि ही किल्ली. ही कोणाकडे ठेवायची? — माझ्याकडे? मग काय उपयोग, धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तुम्ही घेऊन जा ना किल्ली. नाही चालत? नियम? बरं, मग शेजारच्या काकांकडे ठेवते, ते माळ्यावर टाकतील आणि विसरतील, त्यांना सगळं विसरायची सवयच आहे. बसवा तुम्ही. बसवा लवकर, मशीन उघडं आहे तोवर—

शू. थांबा.

वाजला ना? दोनदा. दोनदाच. ये म्हणजे. — आले हो! — पाणी नकोय, पाणी असतं तर एकदा — दादा, मशीन बंद आहे. मघापासून बंदच आहे. घरघर नव्हतीच. मी आपली रोजच्यासारखी बोलत बसले, घरघरीच्या वर आवाज काढून, सवयच लागलीय ना. आणि दार उघडं. देवा! सगळं ऐकलं असेल का हो? तुम्ही तरी सांगायचं! — आले, आले!

...

हं. इथेच आहात. मला वाटलं पळाला असाल. नाही, ठीक आहेत. बसवलं मी नीट, उशी दिली पाठीला. ऐकलंय त्यांनी. सगळं. विचारलं नाही मी, विचारायची गरज पडली नाही, त्यांनीच हात पुढे केला, मला वाटलं पंजे दाखवतायत, तर माझं मनगट धरलं, इथे, सुई घातली होती ना त्यांना, तिथेच. आणि बोलले. पूर्ण वाक्य बोलले, मधे श्वास न घेता, कुठून आणला एवढा श्वास कोण जाणे. म्हणाले, टोपी बसवू नकोस, दोघांपैकी एकाचा तरी हात मोकळा असू दे.

मग दम लागला त्यांना. मी उभी राहिले. आता ह्याचा अर्थ काय हो दादा? मला कर म्हणतायत, का माझी भीती वाटत नाही म्हणतायत? परत विचारायचं धाडस झालं नाही मला. प्लांटवर एकदा कोणीतरी चुकून तुरटीचा मारा केला होता, पाणी इतकं आंबटलं की घरोघरच्या नळांना गंजाचं लाल पाणी, तेव्हा साहेबांनी तुरटीच्या आणि चुन्याच्या, दोन्ही व्हॉल्व्हना कुलूप ठोकायचं ठरवलं. हे भांडले. म्हणाले, कुलूप लावलंत तर मी घरी जातो, पाणी बिघडलं की माणूस लागतो तिथे, किल्ली शोधणारा नाही. आणि रात्रभर उभे राहून थेंब थेंब चुना सोडला, एकदम नाही, एकदम ओतलं तर पाणी दुसऱ्या टोकाला जातं म्हणे. तेव्हा मला त्यांचा केवढा अभिमान वाटला होता. मुलाला सांगायचे मी.

ठेवा ती टोपी बॅगेत. नको. नको म्हटलं ना, राहू द्या. फिल्टर बसला? मग चालू करा मशीन. — हं. झाली सुरू घरघर. थांबा, नळी सिलिंडरची काढून इकडे लावते. आता बघा तुम्ही गोळी. असे वाका, डोळा समोर आणा, वरून बघितलं की चुकतं. कितीवर आहे? पोट रेघेवर आहे ना? मोठ्याने म्हणा. दोन. — हं. तुम्ही निघालात तेव्हा दोनवर होती. लक्षात ठेवा एवढं.

सही कुठे करू? इथे? चष्मा नाहीये, जाऊ दे, अशीच करते. घ्या. चहा राहिलाच तुमचा. पुढच्या वेळी—

ऐका. वाजतोय का? एक. दोन.

तीन.

या आता तुम्ही. दार बाहेरून ओढून घ्या.